लहानपणीची 'शुगर': शाळेत सांगितलं होतं का?

दुधनाकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

पुतण्याची मुलगी, वय ७, दुसरीत. दिवाळीत सारखी पाणी पिऊ लागली, रात्री अंथरूण ओलं, पंधरा दिवसांत गालफडं बसली. शुगर ४८० निघाली. टाइप वन, म्हणजे शरीरात इन्सुलिनच बनत नाही तो डायबिटीस. आता इन्सुलिन चालू आहे, पोरगी हसती-खेळती आहे, सोमवारपासून शाळा. आणि घरात वाद पेटलाय. मी म्हणते वर्गाच्या बाईंना सगळं सांगा. पुतणसून म्हणते, "आत्या, शाळेत काही बोलू नका. गावभर व्हायला वेळ लागत नाही, उद्या तिचं लग्न करायचंय." सात वर्षांच्या लेकराचं लग्न!

मी बोलते कारण मी स्वतः १९७९ पासून सुईवर आहे. तेव्हा आठ वर्षांची होते, सेलूला तिसरीत. मी लघवीला बसायचे तिथं मोरीत मुंग्यांची रांग लागायची, त्यावरून आजीला संशय आला. वडील मीटरगेजच्या गाडीनं औरंगाबादला घेऊन गेले, घाटी दवाखान्यात निदान झालं. टाइप वन हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता. कागदावर 'ज्युव्हेनाइल डायबिटीस' लिहिलं होतं, गल्लीनं त्याचं 'गोड लघवीचा रोग' केलं.

इन्सुलिन औरंगाबादहून थर्मासमधून यायचं. घरात फ्रीज नाही. आईनं एका रुंद कुंडीत ओली वाळू भरली, तिच्यात छोटं मडकं, मडक्यात स्टीलचा पेला आणि पेल्यात बाटली. मे महिन्यात बाहेर ४३ असलं तरी पेला हाताला गार लागायचा. काचेची सिरिंज रोज उकळायची, पण आमच्या आडाचं पाणी जड, काचेवर पांढरा थर धरायचा आणि दट्ट्या अडकायचा. मग आई पावसाचं पाणी गाळून बाटल्यांत भरून ठेवायची, फक्त सिरिंजसाठी. सुई बोथट झाली की वडील सहाणेवर घासायचे. देवाचं चंदन आणि माझी सुई एकाच सहाणेवर.

शाळेत सांगितलं नव्हतं. दोन वर्षं कळलंही नाही कोणाला. मग पाचवीत, १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाची प्रभातफेरी. सकाळी सुई घेतली होती, पण उशीर होतो म्हणून भाकरी खाल्ली नाही, आल्यावर खाऊ म्हटलं. झेंडावंदन झालं, पाहुण्यांचं भाषण सुरू झालं ते काही संपेना. सुई घेऊन पोट रिकामं, त्यामुळं साखर खाली घसरली. हातपाय थरथरायला लागले, पोलक्याची पाठ ओली. भाषणानंतर पेढे वाटले. माझ्या हातात पेढा आला आणि मी तो खाल्ला नाही. गोड खायचं नाही, हे घरी इतकं घोकून घेतलं होतं की समोर तेच औषध असताना मी मूठ घट्ट मिटून उभी राहिले. पडले तेव्हा पेढा मुठीत होता.

शाळेतल्या शिपाई मावशींनी मूठ उघडली. त्यांना शुगर-बिगर काही ठाऊक नव्हतं. "पोरगी उपाशी हाय" एवढं त्यांनी ओळखलं आणि तोच पेढा बोटानं हिरड्यांना चोळला.

तर प्रश्न असा: तुमच्यापैकी किंवा घरच्यांपैकी कोणी त्या काळात शुगर घेऊन शाळेत गेलं असेल, तर सांगितलं होतं की लपवलं होतं? आणि पुढं काय झालं?

मिरचीठेचा

ताई, दंडवत. पेढा कुंथलगिरीचा होता का? (एवढाच प्रश्न पडला, मी वाईट माणूस आहे.)

दुधनाकाठ

@मिरचीठेचा नाही हो, शाळेचा पेढा. निम्मा पिठाचा. तरी आजवर त्याच्याइतका चांगला पेढा खाल्लेला नाही.

औसा_रोड

सांगितलं होतं, आणि पस्तावलो. म्हणून पुतणसूनबाईंची बाजू मांडतो.

१९८६, सहावी. वडिलांनी हेडमास्तरांना भेटून नीट समजावलं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला हेडमास्तरांनी मला पुढं बोलावलं, खांद्यावर हात ठेवून सगळ्या शाळेला सांगितलं, "याला साखरेचा आजार आहे, याला कोणीही गोड देऊ नये." हेतू चांगलाच होता, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण त्या दिवसापासून दहावीपर्यंत माझं नाव 'सुई'. "ए सुई, बॉल टाक की." संक्रांतीला वर्गभर तिळगूळ वाटायचा आणि माझा बाक सोडून पुढं जायचा. वेरूळची सहल निघाली तेव्हा सर म्हणाले, "तुझी जबाबदारी कोण घेणार?" बरोबरची पोरं कैलास लेणं बघून आली आणि मला पोस्टकार्ड आणलं. अजून आहे ते.

त्यामुळं ताई, कोणाला सांगायचं आणि कसं सांगायचं, हे आधी ठरवा.

गंगथडी

औसा_रोड +१. सांगणं आणि दवंडी यात फरक आहे.

निसर्गप्रेमी_७१

ताई, मुलीला रोज अनशापोटी कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड सुरू करा. आमच्या ओळखीत एकांचं इन्सुलिन सहा महिन्यांत सुटलं. ॲलोपॅथीवाले आयुष्यभर गिऱ्हाईक करून ठेवतात.

मिरचीठेचा

आला. मी वाटच बघत होतो.

स्टेथो_परभणी

निसर्गप्रेमी, तुमच्या ओळखीतल्यांना टाइप टू असणार. त्यांच्या शरीरात इन्सुलिन बनतं, पण कमी बनतं किंवा लागू पडत नाही. या मुलीच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी तिच्याच प्रतिकारशक्तीनं मारून टाकल्यात. कारलं काय, अमृत पाजलं तरी त्या परत येत नाहीत. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याआधी अशी मुलं उपाशी ठेवून काही महिने, फार तर काही वर्षं जगवायचे, बस.

निसर्गप्रेमी_७१

मी फक्त अनुभव सांगितला. करून बघायला काय हरकत आहे?

कयाधू

हरकत सांगते.

माझा धाकटा भाऊ. १९८३, हिंगोलीकडचं गाव, वय ११. अडीच वर्षं सुईवर नीट होता. नातेवाइकांतल्या कोणीतरी एक बाबा सुचवला. बाबा म्हणाला, सुई चालू असेपर्यंत माझं औषध लागू पडणार नाही. वडिलांनी सुई बंद केली. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही, सगळे खूष. दुसऱ्या दिवसापासून पाणी, उलट्या, पोटात कळ, मग मोठमोठ्यानं श्वास घ्यायला लागला. बैलगाडीनं फाट्यापर्यंत, तिथून एसटी. चौथा दिवस त्यानं बघितला नाही.

वडील त्यानंतर वीस वर्षं जगले. त्यांच्यासमोर आम्ही कारल्याची भाजी केली नाही.

गंगथडी

कयाधूताई...

निसर्गप्रेमी_७१

माफ करा. माझा वरचा प्रतिसाद काढून टाकायची संपादकांना विनंती.

कयाधू

काढू नका, राहू द्या. कोणीतरी शोधत येईल तेव्हा दोन्ही एकाखाली एक दिसायला हवेत.

खडू_डस्टर

मी निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक, बीड जिल्हा. दुसऱ्या बाजूनं लिहितो, लिहायला जड जातंय.

१९८८ च्या सुमाराची गोष्ट. चौथीत एक मुलगा होता, गणिताच्या तासाला तीन-तीनदा लघवीला जायचा. मला वाटलं पाढे चुकवतोय. एकदा नाही म्हटलं, तरी उठला. मी छडी घेतली. हातावर दोन. तो रडला नाही, जागेवर बसला आणि थोड्या वेळानं त्याच्या बसकरपट्टीखालून ओघळ आला. वर्ग हसला. मीही चिडून बाहेर काढलं त्याला.

महिनाभर आला नाही. मग त्याची आई दाखला न्यायला आली, मामाकडं ठेवतोय म्हणाली. का, तर लेकराला शुगर निघाली, तालुक्याला दवाखाना जवळ पडतो. मी विचारलं, आधी का नाही सांगितलं? ती म्हणाली, "आम्हालाच ठावं नव्हतं गुर्जी." बरोबरच होतं तिचं. तेव्हा ते दुखणं कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि सगळ्यात आधी मला दिसत होतं. पोरगं दिवसाचे सहा तास माझ्यासमोर बसत होतं.

पुढं जिथं बदली झाली तिथं लघवीला कोणाला अडवलं नाही. सहकारी म्हणायचे, सर तुमच्या वर्गात नुसती वर्दळ असते.

औसा_रोड

सर, लिहिलंत हे मोठं आहे.

अंबडची_मनी

मी लपवणाऱ्यांपैकी. घरचे दोघं आणि डॉक्टर सोडून कोणाला माहीत नव्हतं. औरंगाबादला अकरावीला होस्टेलवर आले तेव्हा सुई न्हाणीघरात दार लावून घ्यायचे, बाटली शाम्पूच्या डब्यात. दोन्ही मांड्यांवर खळगे पडलेले, कारण तेव्हाचं इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं, टोचायच्या जागची चरबीच जायची. मैत्रिणींना वाटायचं लहानपणी भाजलंय. मीही हो म्हणायचे.

पकडले गेले ते केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला! बेनेडिक्ट टेस्ट. ज्यांनी घरी केलीय त्यांच्यासाठी वेगळं सांगायला नको: निळं द्रावण ५ मिली, लघवीचे ८ थेंब, चिमट्यात परीक्षानळी धरून उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही, मग हिरवं, पिवळं, नारिंगी आणि शेवटी विटकरी. मी आठ वर्षं सकाळ-संध्याकाळ हे केलेलं. बाकीच्या पुस्तक उघडून बसल्या होत्या आणि मी नळी तिरकी धरून, तोंड भिंतीकडं करून, हलवत हलवत मिनिटात उकळून दाखवली. सर म्हणाले, "तुझा हात फार बसलेला दिसतो." माझ्या तोंडून निघून गेलं, "चार प्लस आहे सर." प्रयोगशाळेत शांतता. चार प्लस असं केमिस्ट्रीवाला कोणी म्हणत नाही, ते दवाखान्यातलं बोलणं.

सरांच्या वडिलांना शुगर होती. त्यांनी जर्नल तपासायच्या निमित्तानं थांबवून घेतलं आणि हळूच विचारलं, "जेवायच्या वेळा पाळतेस ना?" बाकी कोणाला बोलले नाहीत.

मिरचीठेचा

चार प्लस! खिक्. आमच्याकडं आजोबांची नळी आणि आजीचं निळीचं पाणी शेजारी शेजारी असायचं. एकदा धोतराला... जाऊ द्या.

गंगथडी

नाही, आता सांगाच.

मिरचीठेचा

धोतर मोरचुदी रंगाचं निघालं आणि आजोबा दिवसभर "शुगर निल आहे" म्हणून खूष.

लाल_टोपण

नांदेडला मेडिकल आहे, वडिलांच्या काळापासून. बेनेडिक्टबद्दल थोडं. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली तरच लघवीत उतरते. म्हणजे निळं दिसलं तर साखर १२० असू शकते आणि ४० पण. 'निल' बघून आईबाप खूष व्हायचे आणि पोरगं दुपारी शाळेत आडवं. दुधनाकाठताईंच्या वेळी तेच झालं असणार. घरोघरी ग्लुकोमीटर फार नंतर आले.

आणि एक, नवीन आईबापांसाठी. आपल्याकडं बाटल्या अजून ४० युनिटच्या (म्हणजे एका मिलीत ४०) मिळतात, त्यांना लाल टोपणाची सिरिंज. पेनचं इन्सुलिन १०० युनिटचं, १०० च्या सिरिंजला नारिंगी टोपण. ४० ची बाटली आणून नारिंगी सिरिंजनं २० च्या खुणेपर्यंत भरलं तर अंगात जातात फक्त ८ युनिट. उलटं केलं, १०० चं इन्सुलिन लाल टोपणात २० पर्यंत, तर ५० युनिट. हे जिवावर बेततं. माझ्या आयडीचं रहस्य हेच आहे. दुकानात गिऱ्हाइकाला टोपण दाखवल्याशिवाय सिरिंज देत नाही, म्हणून पोरं मला 'टोपणकाका' म्हणतात.

स्टेथो_परभणी

टोपणकाकांना अनुमोदन. शिपाई मावशींबद्दलही एक भर: थोडी शुद्ध होती म्हणून हिरड्यांना चोळणं निभावलं. पूर्ण बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी, सरबत काही ओतू नका, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि दवाखाना. साखर चढवणारं ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन जवळ असेल तर ते द्या.

शाळांबाबत: सीबीएसईनं २०१७ मध्ये टाइप वनच्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत गोळ्या, फळं, खाऊ, पाणी बरोबर न्यायला परवानगी दिली. २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क आयोगानं राज्यांना पत्र लिहिलं की अशा मुलांना शाळेत शुगर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मधल्या वेळचं खाऊ द्या. पत्र छापून शाळेत नेलं तर बोलणं सोपं जातं. पण त्यासाठी आधी सांगावं लागतं.

येळवस

जरा अवांतर. यंदा वेळ अमावस्येला आमच्या शेतात पंगत आहे. मुलाला (१२, टाइप वन, इन्सुलिन पंपावर) आंबील किती द्यावी? भज्जी चालते, उंडे मोजता येतात, आंबिलीचा हिशेबच लागत नाही.

औसा_रोड

हा धागा आता खऱ्या अर्थानं लातूरचा झाला. आंबील ताक-ज्वारीची, तितकी अवघड नाही. खरी गडबड खिरीत, गुळाचा अंदाजच येत नाही. मी आधी थोडं इन्सुलिन घेतो, दोन तासांनी तपासतो. आणि शेतात फिरणं इतकं होतं की संध्याकाळी उलट खालीच जाते. रात्री झोपताना तपासाच.

येळवस

आभार. हुरड्याचं पण विचारणार होतो, पण धागा भरकटेल.

मिरचीठेचा

भरकटू द्या की. हुरड्याला कधी कोणी मोजून बसलंय का? आगटीभोवती बसलं की माणूस हिशेब विसरतो.

औसा_रोड

परत मूळ प्रश्नाकडं. वर मी सांगू नका म्हणालो. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात आहे, लिहून टाकतो.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून लोक झोपलेले, पहाटे चारच्या आसपास जमीन हलली. आमचं गाव किल्लारीपासून बारा-तेरा किलोमीटर. दगडमातीच्या भिंती, वर मातीचं धाबं. आमची स्वयंपाकघराची बाजू गेली. माणसं वाचली. माझं इन्सुलिन त्याच बाजूला माठात होतं.

तो दिवस दगड उचलण्यात गेला. सुईचं मनातही आलं नाही, खायलाही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून उलट्या. जखमींना घेऊन टेम्पो लातूरला निघाला, त्यात चढलो. दवाखान्याच्या आवारात माणसं जमिनीवर झोपवलेली, कोणाचा पाय नाही, कोणाचं लेकरू नाही. मी अठरा वर्षांचा, धडधाकट दिसणारा. कोणाला जाऊन म्हणणार, मला शुगर आहे, मला सुई द्या? दोन-अडीच तास भिंतीला टेकून बसलो. मागणं जिभेवर यायचं आणि सहावीतली प्रार्थनेची रांग डोळ्यांपुढं यायची. सगळे बघताहेत.

एक सिस्टर पाणी वाटत आल्या. माझ्यापाशी वाकल्या आणि थबकल्या. "बाळा, तुझ्या तोंडाला असा वास कसला यायलाय?" इन्सुलिन चुकलं की सडलेल्या फळासारखा येतो, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. त्यांनी विचारलं म्हणून मी सांगितलं. त्यांनी विचारलं नसतं तर मी सांगितलं असतं का, मला आजही माहीत नाही.

तेव्हा ताई, मी माझं मत अर्धं मागं घेतो. बाईंना सांगा. पण त्या लेकरालाही सांगायला शिकवा, तिच्या तोंडानं. तिच्या वतीनं दुसऱ्यानं माइकवरून नको.

खडू_डस्टर

शेवटचं वाक्य शिक्षकांच्या प्रशिक्षणात वाचून दाखवायला हवं.

अंबडची_मनी

माझं लग्नाबद्दल राहिलंच. बघायला आले तेव्हा मी वडिलांच्या विरोधात जाऊन सांगून टाकलं. दोन स्थळं गेली. तिसऱ्यानं विचारलं, "म्हणजे चहा बिनसाखरेचा करायचा ना? आमच्याकडं साखर उरेल मग." तेच आमचे हे. सव्वीस वर्षं झाली, विनोदाचा दर्जा तोच आहे.

दुधनाकाठ

उशीर झाला, माफ करा. दहा दिवस पळापळ होती.

पुतणसुनेला हा धागा मोबाइलवर वाचायला दिला. कयाधूताईंपाशी ती थांबली, बराच वेळ काही बोलली नाही. औसा_रोड यांचं वाचून म्हणाली, "मला हीच भीती होती आत्या, दवंडीची." मग आम्ही तिघी वर्गाच्या बाईंना भेटलो, शाळा सुटल्यावर. स्टेथो यांनी सांगितलेलं पत्र नेलं. बाई घाबरल्या, खरं सांगते. सुई मी देणार नाही म्हणाल्या. म्हटलं सुई नकोच, दुपारी आई येऊन देईल. तुम्ही फक्त घाम, थरथर आणि विनाकारण रडणं ओळखा, लघवीला अडवू नका, आणि कपाटात एक डबा ठेवा.

वर्गाला बाईंनी काही सांगितलं नाही. पोरगीनं स्वतःच सांगितलं, तिसऱ्या दिवशी, मधल्या सुट्टीत मीटर काढून. बोटाला टोचलं, रक्त आलं, आकडा आला. आता म्हणे रोज दोन-तीन जण बोट पुढं करून उभे असतात, "माझं पण बघ." बाईंनी ते बंद केलं, पट्ट्या महाग आहेत.

अडचण एकच उरलीय. डब्यावर सुनेनं मोठ्या अक्षरांत नाव लिहून आत शेंगदाण्याची चिक्की ठेवली होती. चार दिवसांत डबा रिकामा. पोरीची शुगर एकदाही खाली गेलेली नाही. डब्याला कुलूप लावावं का?

लाल_टोपण

कुलूप अजिबात नको, ऐन वेळी किल्ली सापडत नाही. आणि चिक्कीत शेंगदाणे, तेलामुळं साखर चढायला वेळ लागतो. साधी ग्लुकोज पावडर ठेवा.

मिरचीठेचा

ग्लुकोज पावडर तर आम्ही तळहातावर घेऊन चाटायचो. तीही चार दिवस.

लाल_टोपण

मग दोन डबे ठेवा. एक तिचा, एक वर्गाचा.